युनिटचं काय एवढं, आकडा बघा!

थायरॉइड कॅन्सरसाठी रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीन घेऊन घरी आलात ना, मग आधी फॅमिली ग्रुपवर डोस टाका. नुसता आकडा बरं का, 'शंभर दिलं'. शंभर काय असं विचारणारा एखादा पुणेकर निघेलच, त्याला म्यूट करा.

युनिट टाकायचंच असेल तर एमजी टाका. गोळी आहे म्हटल्यावर एमजीच असणार की, क्रोसिनसारखी! आता हा डोस मोजतात मिलीक्युरीत, म्हणजे किरणोत्सर्गाच्या मापात, आणि १०० मिलीक्युरीत शुद्ध आयोडीन-१३१ (तेच ते गोळीतलं आयोडीन) जेमतेम ०.८ मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे तुम्ही सव्वा लाखपट सांगितलंत, पण एवढं कोण मोजत बसतंय. (लक्ष्मी रोडला सराफानं तोळ्याच्या जागी ग्रॅम म्हटलं तर मात्र आपण दुकान डोक्यावर घेतो, ते वेगळं.)

त्याहून भारी हवं असेल तर मिलीक्युरी शॉर्टमध्ये लिहा आणि पहिला एम कॅपिटल ठेवा, जरा वजन येतं. कॅपिटल एम म्हणजे मेगा, म्हणजे झाले १०० मेगाक्युरी, १९८६ साली चेर्नोबिलमधून जेवढं आयोडीन-१३१ बाहेर पडलं असा अंदाज आहे त्याच्या साधारण दुप्पट, आणि ते सगळं कोथरूडच्या एका टू बीएचकेत. सोसायटी फार तर मेंटेनन्स वाढवेल.

गिगाबेक्वेरेलमध्येही (किरणोत्सर्गाचंच दुसरं युनिट) लिहायला हरकत नाही, फक्त युनिट गाळा. तेच १०० मिलीक्युरी तिकडे ३.७ होतात, घरचे खूश, 'कमी केला हो डोस!' तारीख तर टाकूच नका, आयोडीन-१३१ आठ दिवसात निम्मं होतं, उगाच हिशोब वाढतो. पुढे परत डोस द्यायची वेळ आली की आधीची बेरीज करायला डॉक्टर आहेतच, करतील अंदाजे.

आमच्या मावशीनं डोसच्या आधी दोन आठवडे आयोडीनवालं मीठ बंद केलं होतं, लोणचं नाही, पापड नाही, बाहेरचं काही नाही, भाकरीत घालायचं बिनआयोडीनचं मीठसुद्धा वेगळ्या बरणीत लेबल लावून. आणि डिस्चार्ज कार्डवर काय, 'आयोडीन डोस: १००'. बास. मी फोन केला तर काउंटरवरची बाई म्हणे, "शंभर म्हणजे शंभरच, सर."

मावशीला सांगितलं. तिनं चष्मा लावला, बॉलपेन काढलं आणि शंभरच्या पुढे चेकवर ओढतात तशी '/-' ओढली.

"राहू दे," म्हणाली, "मागून कुणी शून्य वाढवायला नको."