राजमाचीच्या वाटेवरचे ते स्पीकर

लोणावळ्याहून राजमाचीची वाट म्हणजे पोरांना चालायची गोडी लावायला एकदम झकास. लांब आहे, पंधराएक किलोमीटर, पण बरीचशी सपाट आणि झाडीतून जाणारी. आणि दर पावसाळ्यात तिथे तेच! सॅकला स्पीकर लटकवून धांगडधिंगा घालत निघालेली टोळकी. शीळकरी कस्तूर पक्षी गात असतो, लेक तोंडावर बोट ठेवून जागच्या जागी थांबते, आणि मागून ढाणढाण सुरू! आवाज कमी करा म्हटलं की, "काका, तुम्ही पण एन्जॉय करा ना!" अरे, राजमाचीच्या श्रीवर्धन-मनरंजन या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याशी उधेवाडीत माणसं राहतात, गोठ्यात गुरं असतात. काजव्यांच्या दिवसांत तर मध्यरात्रीपर्यंत गोंगाट, वर झाडांवर टॉर्चचे झोत! काजवे दिसणार कसे? गाणी ऐकायचीच असतील तर इअरफोन लावा, नाहीतर घरी बसा.