फ्रीजरमधली हार्ड डिस्क आणि इतर अघोरी उपाय

एक मेसेज सध्या गटागटांत फिरतोय. हार्ड डिस्क टकटक वाजू लागली की पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. नाही जमलं तर चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधला डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम, चालवा. तेही फसलं तर फॉरमॅट मारून रिकव्हरी सॉफ्टवेअर लावा, नाहीतर तशीच जुनी डिस्क आणून सर्किट बोर्ड बदला. आणि हो, स्मार्ट टेस्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची केलेली तपासणी, ‘पास’ असेल तर निर्धास्त राहा!

फ्रीजरचा उपाय अगदीच हवेतला नाही. पूर्वीच्या डिस्क थांबल्या की डेटा वाचणारं-लिहिणारं हेड डेटा साठवणाऱ्या तबकडीवरच टेकायचं, कधी तिथेच चिकटायचं. थंडीने एखादं सुटायचंही. आता बहुतेक डिस्कमध्ये हेड तबकडीबाहेर रॅम्पवर जाऊन बसतं, मग सुटायचं काय? उलट साध्या डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं. गारठलेली डिस्क बाहेर काढली की आतही दव धरू शकतं. हेड चालतं तबकडीच्या वर काही नॅनोमीटरवर, आणि तबकडी फिरते मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा; एवढ्याशा फटीत दव म्हणजे घातच.

चेकडिस्कचा सल्ला सगळ्यात घातक, कारण तो सभ्य दिसतो. या प्रोग्रामला फाइल सिस्टिमचा, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे या नोंदवहीचा, हिशेब जुळवायचा असतो, तुमचे फोटो वाचवायचे नसतात. त्यासाठी तो त्याच मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहितो. बिघडलेली नोंद दिसली की काढून टाकतो. उरलेसुरले तुकडे ‘फाउंड.०००’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘फाइल००००.सीएचके’ अशा नावांनी टाकतो. बसा त्या ढिगात लग्नाचा अल्बम शोधत. खराब सेक्टर (डेटा ठेवायचे बारीक कप्पे) शोधायला लावलंत तर तासन्‌तास अख्खी डिस्क पिंजून काढतो. विंडोज कधी सुरू होतानाच ही तपासणी आपणहून करू पाहतं. त्या काही सेकंदांत कुठलीही कळ दाबून ती थांबवा.

क्विक फॉरमॅटनंतर बरंच परत मिळू शकतं, हे खरं. पण ‘क्विक’वरची टिक काढलीत, तर व्हिस्टा आवृत्तीपासूनचं विंडोज सगळीकडे शून्यं लिहितं. मग काय रिकव्हर करणार, कपाळ?

बोर्डाचं म्हणाल, तर टकटक बहुधा हेडची असते, बोर्डाची नव्हे. शिवाय त्या डिस्कपुरती कारखान्यात केलेल्या जुळणीची नोंद बऱ्याचदा बोर्डावरच्या चिपमध्ये असते. ती चिप न हलवता बोर्ड बदलून सहसा काही साधत नाही.

आणि स्मार्ट टेस्ट? गुगलने २००७ मध्ये लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी बिघाडाच्या चार मुख्य स्मार्ट खुणांपैकी एकही दाखवली नव्हती.

टकटक किंवा खरखर ऐकू आली की वीज तोडा आणि डेटा हवाच असेल तर डेटा रिकव्हरीची लॅब गाठा; ‘डेटा नाही तर पैसे नाहीत’ हे आधीच लिहून घ्या. आवाज नसेल, नुसतीच डिस्क रखडत असेल, तर आधी केबल बदलून पाहा. तरी तेच, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) सुरू करून डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा. तो सहज वाचता येणारं आधी उचलतो, अडलेल्या जागा मागे ठेवतो आणि कुठवर आलो याचा नकाशा फाइलमध्ये राखतो, त्यामुळे मध्येच थांबलं तरी तिथून पुढे चालू. मूळ डिस्क मग बाजूला ठेवा, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर प्रतीवर चालवा. चेकडिस्कची हौस राहिलीच असेल, तर प्रतीची आणखी एक प्रत काढून तिच्यावर भागवा.