मागं सिद्दी लागलाय काय?

पन्हाळा-पावनखिंड ट्रेकमधला पन्हाळा ते करपेवाडी टप्पा किती तासांत 'मारला' याचा स्क्रीनशॉट सकाळी एका ग्रुपवर आला. खाली टाळ्याच टाळ्या. सोबत फोटो : भातखाचराच्या बांधावरून रांगेनं पळणारी मंडळी. चहा गार झाला, मी तो बांधच बघत बसलो.

कारण असा एक बांध मीही फोडलाय.

चार वर्षांपूर्वीचा जुलै. मसाई पठारावर धुकं एवढं की पुढच्याची सॅकही दिसेना. कुंभारवाडी, खोतवाडी मागं पडली आणि अंधाराच्या आत करपेवाडी गाठायची म्हणून मी वाट सोडून खाचरातून आडवा घुसलो. पाय रुतला, बांध खचला, वरच्या खाचरातलं पाणी भसाभसा खाली. नुकतीच लावलेली रोपं, मुळं धरायच्या आधीच निघाली तरंगत. प्लास्टिकची खोळ घेतलेली एक मावशी लावण सोडून आली. दोन हातांनी चिखल ओढला, थापला, पाणी बंद. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "पाव्हणं, मागं सिद्दी लागलाय काय?"

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

१६६० साली त्या वाटेनं शिवाजी महाराजांना घेऊन जे बांदल मावळे गेले त्यांच्या मागं खरंच सिद्दी जौहरची माणसं होती. चार महिन्यांचा वेढा, रात्र, पाऊस, खांद्यावर पालखी. आपल्या मागं काय आहे? सोमवारचं ऑफिस! ट्रेकच्या शेवटी पांढरपाणीला बस उभी, पायात सात हजारांचे बूट, आणि बांदलांच्या नावानं घसा फोडत लोकांची लावण तुडवायची. कसला इतिहास जगताय रे?

हो, वाड्यांमधून जेवणाचे, मुक्कामाचे चार पैसे मिळतात. मान्य. पण आमटी-भाताचे पैसे दिले म्हणून खाचर आपलं होत नाही.

असो. फार चिडून लिहिलं. फोटोतली पोरं वाईट नसतील, मीही नव्हतो. घाईत होतो एवढंच. त्या दिवशी मावशीनं पुढची वाट हातानं दाखवली, "कडंकडंनं जावा," म्हणाली आणि परत वाकली. सकाळपासून वाकलेलीच असणार. मी सॉरीसुद्धा म्हटलं नाही, घड्याळ बघितलं.

यंदा पुन्हा निघतोय, सावकाश. मावशीचं घर सापडलं तर रिकाम्या हातानं जायचं नाही. चहापूड-साखर न्यावी म्हणतोय. दुसरं काही सुचतंय का कुणाला?