चांदणीखाली पाहू नये

डिशची किंवा केबलची जाहिरात समोर आली की सर्वात आधी चष्मा काढून खिशात ठेवावा. जाहिरात ही लांबून, अंधूक आणि चालत्या वाहनावर बघायची गोष्ट आहे. मुंबईत भारतमाताच्या सिग्नलला बेस्टच्या बसच्या पाठीवर ‘महिना फक्त 199 रुपये, अख्ख्या घराची करमणूक’ असं दिसतं, सोफ्यावर हसणारं चौकोनी कुटुंब दिसतं, सिग्नल सुटतो, बस जाते. इतकं पुरे आहे. चष्मा लावून बघणाऱ्याला 199 च्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी दिसते आणि त्याचा दिवस खराब होतो.

त्या चांदणीला बिचकू नये. मंडळींचा धंदाच आकाशातला, एखादी चांदणी सांडायचीच. फक्त तिचं बोट धरून खाली उतरू नये. खाली, बसच्या नंबरप्लेटच्या वर, मुंग्यांची एक रांग चाललेली असते. मी एकदा लाल सिग्नलचा फायदा घेऊन ती वाचली. बारा महिन्यांचे पैसे एकदम भरल्यास. जीएसटी वेगळा. नेटवर्कचे पैसे वेगळे. बसवणावळ वेगळी. फक्त नव्या ग्राहकांसाठी. पुढे ‘कंपनीला कोणत्याही वेळी’ इथवर आलो आणि सिग्नल सुटला. कोणत्याही वेळी काय करायचा हक्क कंपनीने राखून ठेवला आहे, ते आजतागायत कळलेलं नाही.

आता कोणी आगाऊ माणूस सांगेल की याला कायदा आहे. आहे ना. 9 जून 2022 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत लिहिलंय की दावा ज्या भाषेत, अटीही त्याच भाषेत आणि त्याच टंकात हव्यात. दाव्यात जे सांगितलं ते अटींनी फिरवायचं नाही. मोडलं तर 10 लाखांपर्यंत दंड, पुन्हा मोडलं तर 50 लाखांपर्यंत. सोफ्यावर बसून हसणाऱ्या नटालासुद्धा वर्षभर जाहिरातीची बंदी घालता येते. तुम्ही मात्र हे माहीत करून घेऊ नये. माहीत झालं की मराठीतल्या मोठ्या ‘फक्त’खालची बारीक इंग्रजी दिसू लागते, आणि मग बसच्या मागे पळावं लागतं. त्या वाटेवर फुटपाथ खणून ठेवलेला आहे.

जुन्या आठवणी काढून उसासे टाकू नयेत, हेही सांगून ठेवतो. आमच्या चाळीत केबलवाला पाच तारखेला वही घेऊन यायचा. वायर गॅलरीतून गॅलरीत, पैसे हातात, पावती मिळाली तर मिळाली. क्रिकेटच्या ऐन ओव्हरला चित्र गेलं की तिसऱ्या मजल्यावरून त्याच्या नावाने हाक मारता यायची आणि तो खालून ‘बघतो, बघतो’ म्हणायचा. बघायचा नाही, पण म्हणायचा. थाप तोंडावर मारायचा, तीही चांदणी न लावता. 31 ऑक्टोबर 2012 नंतर मुंबईत डब्याशिवाय केबल दिसेनाशी झाली आणि हा अडाणी कारभार संपला. आता हाकेऐवजी ‘मराठीसाठी 3 दाबा’ आहे.

मग आलं स्वातंत्र्य. ट्रायने, म्हणजे दूरसंचार आणि केबलवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियामकाने, 2017 साली नवी दरपद्धत आणली, कोर्टकचेऱ्या झाल्या, 2018 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने तिला मान्यता दिली आणि 2019 च्या सुरुवातीला आपल्या घरी ती लागू झाली. तत्त्व सुंदर होतं: जे बघाल त्याचेच पैसे द्या. पण बघण्याआधी नुसतं दाराशी उभं राहण्याचेही पैसे होते. 100 चॅनेलपर्यंत 130 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे. हे दिले की फुकटचे चॅनेल लागायचे. बघायच्या चॅनेलचे पैसे त्यापुढे.

इथे एक आकडा पाठ करून ठेवावा: 19. पॅकमध्ये घालायचा असेल तर चॅनेलची सुटी किंमत 19 रुपयांच्या वर नको, असं ठरलं. ट्रायने 19 हा आकडा ‘याच्या वर जाऊ नका’ म्हणून लिहिला. मोठ्या वाहिन्यांनी तो ‘इथवर या’ असा वाचला, आणि घरोघरचे लाडके चॅनेल एकजात 19 चे झाले. चूक वाचणाऱ्याची नाही. महाराष्ट्रात कमाल वेगमर्यादेची पाटीही आपण अशीच वाचतो.

1 जानेवारी 2020 ला ट्रायने 19 चे 12 करायचं ठरवलं. वाहिन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. फोर्टात दीड वर्ष मसलत चालली आणि 30 जून 2021 ला न्यायालयाने एखादी अट सोडता ट्रायचं बरंचसं म्हणणं मान्य केलं. आता 12 होणार म्हणून तुम्ही पेढे आणायला निघाला असाल, तर चपला काढा. 2022 च्या नोव्हेंबरात दुरुस्ती आली आणि आकडा पुन्हा 19. पुढे 2024 च्या जुलैत त्या 130 रुपयांवरची मर्यादाही उठवली, कारण आता कंपन्यांमध्ये स्पर्धा आहे आणि स्पर्धा ग्राहकाचं भलं करतेच. विरार लोकलमध्ये चढताना जेवढं होतं, तेवढं नक्की.

त्याच 2022 च्या दुरुस्तीत पॅकवर जास्तीत जास्त 45 टक्के सूट द्यायची परवानगी आहे. पॅकचं सरकारी नाव ‘बुके’, म्हणजे पुष्पगुच्छ, आणि तो दर महिन्याला आपल्यालाच येतो. त्यातली फुलं मोजून बघा. समजा तुम्हाला दोनच चॅनेल हवेत, प्रत्येकी 19 चे. सुटे घेतले तर 38 रुपये. आता त्यांच्या जोडीला दोन-दोन रुपयांचे आठ चॅनेल बांधले, एकावर दिवसभर एकच पिक्चर, दुसऱ्यावर कालची मालिका आज, तिसऱ्याची भाषा कोणती हे अजून घरात ठरायचंय. बेरीज 54. त्यावर 45 टक्के सूट, पॅक 29 रुपये 70 पैशांना. हवं तेवढंच घेतलंत तर 38, नको ते आठ डोक्यावर घेतलेत तर तीस रुपयांच्या आत. सगळं नियमात. म्हणून शहाण्या ग्राहकाने निवडीचं स्वातंत्र्य वापरावं आणि पॅक निवडावा. भाजीवाली दोन जुड्या मेथीवर कोथिंबीर फुकट देते तेव्हा आपण खूश होतोच की. फक्त ती उद्या त्या कोथिंबिरीचे प्रेक्षक मोजून जाहिरातदाराला दाखवत नाही.

हे आपल्याकडेच चालतं असं समजून फार हळहळूही नये. अमेरिकेत 2015 च्या मार्चमध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापार आयोगाने, डायरेक्टीव्ही या डिशवाल्या कंपनीवर दावा लावला. म्हणणं असं की जाहिरातीत बारा महिन्यांचा स्वस्त दर ठळक, पण करार चोवीस महिन्यांचा आणि दुसऱ्या वर्षी दर चढणार, हे धड सांगितलेलं नाही. साडेतीन वर्षं खटला चालला. 2018 च्या ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी आयोगाचे बहुतेक दावे फेटाळले आणि ऑक्टोबरात आयोगाने उरलेलं प्रकरणही गुंडाळलं. अखेर 2024 च्या मार्चमध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने नियम केला की केबल आणि डिशवाल्यांनी सगळं धरून होणारी एकच किंमत ठळक छापावी. जगातल्या सर्वात श्रीमंत देशाला बेरीज करून मागायला इतकी वर्षं लागली. तुम्ही कुठे घाई करताय?

आता तक्रारीकडे वळू. करू नये. तरी करायचीच असेल तर थेट ट्रायकडे जाऊ नये, ट्राय एकेकट्याच्या तक्रारी हाताळत नाही. आधी कंपनीचा फोन, मग कंपनीचाच नोडल अधिकारी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, मग ग्राहक आयोग. जाहिरातीबद्दल असेल तर आस्की म्हणजे जाहिरात मानक परिषदही आहे, 1985 पासून, आणि तिचं कार्यालय याच शहरात. वाटा भरपूर आहेत, टॅक्सी करून जा.

माझंच सांगतो. आई एकटी लालबागला राहते. नवरात्रात तिच्या टीव्हीवर एक चौकट आली: रोज काकड आरती आणि देवदर्शन, 30 दिवस मोफत, ओके दाबा. समोर देवी. आई ओके दाबणार नाही तर काय करणार? दाबताना तिने चपलाही काढल्या असतील. होळीला मी गेलो तर रिचार्ज महिना संपायच्या आधीच संपलेला. हिशेब मागवला. मोफतचे 30 दिवस संपल्यापासून दररोज 2 रुपये 30 पैसे कापले जात होते. महिन्याला 69. फोन लावला.

“सर, ही सर्व्हिस आपणच सुरू केलीय.”

“आईने केली. ती मोफत होती.”

“हो सर, मोफतच होती. नंतर आपण बंद केली नाही.”

“बंद करा असं तुम्ही कळवलंत का?”

“सर, देवाची सर्व्हिस शक्यतो कोणी बंद करत नाही.”

यावर काय बोलणार? त्या पोराचा आवाज इतका नम्र होता की क्षणभर मलाच पापी वाटलं. मी आवाज चढवला, तसा मागून आईचा आवाज आला, “अरे, हळू बोल, आरती चाललीय.”

तर या 69 रुपयांवर तुम्ही चिंतन करावं, कारण सगळी कला इथे आहे. टॅक्सीत बसल्याबसल्या मीटर 31 दाखवतं. जाऊन-येऊन 62. उरले 7, त्यात बाहेर धड कटिंगही येत नाही. शिवाय अर्धी रजा, झेरॉक्स, आणि ‘एवढ्याशा पैशांसाठी?’ असं विचारणारा मेहुणा. महिना 690 कापले असते तर मी आयोगाच्या पायरीवर झोपलो असतो. 6 कापले असते तर कंपनीला परवडलं नसतं. 69 हा आकडा कोणीतरी बसून काढलेला आहे. आपल्या भांडणाची किंमत किती, हे त्या माणसाला आपल्यापेक्षा नेमकं ठाऊक आहे, आणि तो नेहमी तिच्या एक रुपया अलीकडे थांबतो. असे 69 एका घरातून घेतले तर ती चिल्लर, लाख घरांतून घेतले तर महिन्याला 69 लाख. आता वर सांगितलेला 10 लाखांचा दंड पुन्हा वाचा. चष्मा लावून वाचलात तरी चालेल.

शेवटी पोराने ती सेवा बंद केली. कापलेले पैसे परत मिळणार नाहीत, पण आपण जुने ग्राहक म्हणून एक खास भेट देतो, म्हणाला. जुन्या मराठी चित्रपटांची सर्व्हिस, 30 दिवस मोफत. मी नको म्हणेपर्यंत सुरू झालीसुद्धा.

या खेपेला मी सावध होतो. आईला म्हटलं, तीस दिवस मोजून ठेव, तारीख आली की मला फोन कर. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचे खाडे आणि गॅस लावल्याची तारीख लिहिते तिथे, पेनाने दिवस मोजले आणि शेवटच्या चौकोनात लक्षात राहावं म्हणून छोटीशी चांदणी काढली. चांदणी आली ती एकतीस तारखेवर. त्या आठवड्यात पाहुणे होते. एक तारखेला आईने पान उलटलं.