गाडी विकताय? मग सही कोऱ्या फॉर्मवरच करा

जुनी गाडी शोरूमला एक्सचेंजमध्ये द्यावी की बाहेर परस्पर विकावी, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर आधी अभिनंदन. याचा अर्थ तुमचे रविवार रिकामे आहेत, माणसांवर विश्वास शाबूत आहे आणि रक्तदाब आटोक्यात आहे. तिन्हींची सोय लवकरच होईल. मी नुकताच यातून गेलोय. 2014 ची वॅगनआर, पेट्रोल, एमएच-12, 62,000 किलोमीटर, सिंगल ओनर. ओनर म्हणजे मीच. गाडी विकून चार महिने झाले तरी अजून मीच. पण त्याकडे मागाहून येऊ, सल्ले क्रमाने घ्यावेत.

सुरुवात मुहूर्तापासून. गाडी विक्रीला काढायची तर पितृपक्षातच काढा. मी 2025 च्या पितृपक्षात काढली. फोन भरपूर आले. सगळ्यांना गाडी पसंत, सगळ्यांना घाई आणि सगळे म्हणाले, "घटस्थापना होऊ द्या, मग येतो." घटस्थापना उजाडली 22 सप्टेंबरला, आणि नेमक्या त्याच दिवशी छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. पुन्हा फोन सुरू. "काका, आता तर नवीच स्वस्त झाली की!" सूर असा, की ती मीच स्वस्त केली आणि आता भरपाई मीच द्यायला हवी.

शोरूममध्ये गेल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा, "आमच्याकडे जुनी गाडी आहे, एक्सचेंज करायची आहे." नव्या गाडीचा भाव आधी पक्का करून घ्यावा, कागदावर लिहून घ्यावा आणि मग जुनीचा विषय काढावा, असं काही खडूस लोक सांगतात. त्यांचं ऐकू नका. दोन्ही हिशेब एकाच कागदावर होऊ द्या, म्हणजे कुठल्या खिशातून किती गेले हे तुम्हाला जन्मात कळणार नाही. मन शांत राहतं.

मग टॅबलेट घेतलेला एक मुलगा येतो. फार नम्र. डिकी उघडून रबर बीडिंग अंगठ्याने सोलतो आणि आतले वेल्डिंगचे ठिपके मोजतो. पत्र्याला पेंट मीटर टेकवत गाडीभोवती प्रदक्षिणा घालतो. "सर, राइट क्वार्टर पॅनल रिपेंट आहे." आहे ना, सोसायटीच्या खांबाला घासली होती, 2017 साली. "सर, अ‍ॅप्रनला थोडं काम वाटतंय." वाटतंय! अ‍ॅप्रन म्हणजे बॉनेटखालचा बाजूचा पत्रा. अहो, पुढून कधी कुणाला साधा धक्का नाही लागला. "टायर पण बदलावे लागतील." डॅशबोर्डवरचा गणपती मी आदल्या रात्री हळदकुंकू वाहून काढून ठेवला होता. तिथे डबल टेपचा गोल डाग राहिला होता, त्याचाही त्याने फोटो काढला. बाप्पाच्या बसायच्या जागेचे किती कापले ते सांगितलं नाही, पण आकडा निघाला 1,40,000.

वर 20,000 एक्सचेंज बोनस! ऐकून बायकोने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मग कळलं, बोनस घेतला तर कॉर्पोरेट डिस्काउंट मिळत नाही, आणि अ‍ॅक्सेसरी किट "सगळेच घेतात सर". मी किंमत वाढवायला सांगितली तेव्हा मॅनेजर म्हणाले, "जुन्या गाड्यांवर आता 18 टक्के जीएसटी लागतो ना, आमचाही नाइलाज आहे." लागतो, जानेवारी 2025 पासून छोट्या गाड्यांवर 12 चा 18 झाला. पण तो लागतो डीलरच्या नफ्यावर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नव्हे. आणि मी दुसऱ्या साध्या माणसाला विकली तर लागतच नाही. हे मी घरी येऊन वाचलं. तुम्ही वाचू नका. मॅनेजरांसमोर गंभीर चेहऱ्याने मान हलवायची मजा जाते.

गाडी दाखवण्याआधी पॉलिश जरूर करून घ्या. दीड हजार जातात, किंमत तेवढीच राहते.

फोनवर "दादा, फायनल किती?" असं विचारणाऱ्याला फायनल आकडा सांगून टाका. घासाघीस तिथून सुरू करायला त्याला सोयीचं पडतं.

"मी आर्मीत आहे, पोस्टिंग जैसलमेरला आहे, गाडी न बघताच घेतो, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका म्हणजे टोकन तुमच्या खात्यात," असा फोन आला तर देशप्रेम दाखवा. पैसे मिळवायला पिन कशाला लागतो, असले देशद्रोही प्रश्न विचारू नका.

जाहिरात बघून येणाऱ्या गिऱ्हाइकांना नेहमी रविवारी बोलवा. एकटं कुणी येत नाही. साडू, मेहुणा, एक लहान मूल आणि एक मिस्त्री येतो. मिस्त्री काही बोलत नाही. सायलेन्सरमध्ये बोट घालून बाहेर काढतो आणि ते काळं बोट मालकाला न दाखवता मेहुण्याला दाखवतो. मग दोघं दूर जाऊन कुजबुजतात. मूल मागच्या सीटवर बिस्किट चुरडतं. टेस्ट ड्राइव्हला चांदणी चौकापर्यंत जाऊन येतात, पेट्रोल आपलं. चहा होतो. "गाडी एक नंबर आहे काका, घरी विचारून सांगतो." घरचे सगळे तर इथेच बसलेत! आता घरी उरलंय कोण? मी असे पाच रविवार काढले. एक जण मात्र खरा निघाला, 2,05,000 द्यायला तयार, फक्त सगळे रोख. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेतली तर प्राप्तिकर खातं तेवढाच दंड लावू शकतं, असं मी त्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यात कीव होती.

गाडी देताना फास्टॅग काचेवरच राहू द्या. नव्या मालकाच्या टोलचा शुभारंभ आपल्या खात्यातून व्हावा यासारखं पुण्य नाही. माझा खेड शिवापूरला झाला.

नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तीही विसरून जा. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं की नव्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियमवर, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यावर, 50 टक्क्यांपर्यंत सूट मिळते. मी पत्र घेतलं नाही. शोरूमने आठवण करून दिली नाही. त्यांना घाई होती, दसरा होता.

आता मुख्य सल्ला. शोरूम नको, रविवारची गिऱ्हाइकं नकोत, तर मधला मार्ग धरा. रस्त्याकडेला पत्र्याची शेड, पुढे बारा-पंधरा गाड्या, प्रत्येकीच्या काचेवर पांढऱ्या रंगाने मॉडेलचं साल. आमच्या भागात असा एक आहे. सासरे म्हणाले, "ओळखीचा आहे, देऊन टाका." दिली. 1,85,000, पैसे त्याच दिवशी खात्यात, चहा त्याचा. आणि मग त्याने मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30 पुढे केले. माझी सही जिथे हवी तिथे पेन्सिलने फुल्या होत्या. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी, तारखेची जागा कोरी.

"इथे नाव?"

"गिऱ्हाईक लागलं की डायरेक्ट त्याच्या नावावर करू काका. मध्ये आमचं नाव कशाला? गाडी फर्स्ट ओनरच राहते, तुमच्याच गाडीची इज्जत राहते."

माझ्या गाडीची इज्जत! मी सही केली. सात ठिकाणी केली. वर आधारची आणि पॅनची झेरॉक्स दिली, तिच्यावरही सही केली. तुम्हीही करा. यात फायदा कुणाचा ते बघा, त्याची एक ट्रान्सफर वाचते, तिचा खर्च वाचतो आणि गाडी विकली जाईपर्यंत ती रस्त्यावर फिरते माझ्या नावाने. विकत घेणाऱ्यानेही पुढे तसेच कोरे फॉर्म ठेवले, तर आणखी फिरते. माझ्या नावाने.

गेल्या मंगळवारी सकाळी पावणेसातला मोबाइल वाजला. ई-चलान. पुणे-मुंबई एक्सप्रेसवे, अतिवेग, ताशी 118. माझी वॅगनआर! माझ्या हातात ती नव्वदच्या वर गेली की डावं दार वाजायला लागायचं. फोटो उघडला. तीच. मागच्या काचेवर आम्ही लावलेलं 'मोरया'चं स्टिकर, त्यातला 'या' कधीच उडालाय, 'मोर' राहिलाय.

शेडवाल्याला फोन केला.

"काका, टेन्शन नाही. टेस्ट ड्राइव्हला गेली असेल."

"लोणावळ्याच्या पुढे?"

"पोरं आहेत काका. बरं झालं तुमचा फोन आला. गिऱ्हाईक लागलंय. पण सिस्टीमला चलान पेंडिंग दाखवतंय, त्यामुळे ट्रान्सफर अडकलीय. ते तेवढं तुम्ही भरून टाका, लगेच करतो."

पुन्हा वाचा. गाडी त्याच्याकडे. पाय त्याच्या पोराचा. दंड माझा. आणि मी दंड भरत नाही म्हणून गाडी माझ्या नावावरून निघत नाही! याआधी महिनाभर त्याचं पालुपद होतं की हाय सिक्युरिटी नंबर प्लेट नसेल तर आरटीओ काम करत नाही. ती प्लेट मी गाडी विकायच्या आधीच बसवली होती, 745 रुपये अधिक जीएसटी भरून, अपॉइंटमेंट घेऊन, उन्हात रांगेत उभा राहून. चलानाच्या फोटोत नंबर इतका स्वच्छ वाचता येतोय तो माझ्याच प्लेटमुळे.

आता सल्लेबिल्ले बास.

दोन हजारांचं चलान हा यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. त्या पोराने 118 च्या वेगात कुणाला उडवलं असतं तर? 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सरळ सांगितलंय, गाडी पुढे कितीही हातांत गेली असो, आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. त्या गाडीनेही जीव घेतला होता, आणि ती मूळ मालकाने विकून बराच काळ लोटला होता. विम्याचा हप्ता भरायचा राहिला असेल तर ही रक्कम कुणाच्या घरातून जाते? शेडवाल्याच्या? गाडी दिल्यावर चौदा दिवसांत आरटीओला कळवायची जबाबदारी विकणाऱ्याची, माझी, असं मोटार वाहन कायद्यात लिहिलंय. मी कळवलं नाही. मला वाटलं, तो करेल. शिकलेला माणूस, बँकेचा प्रत्येक ओटीपी दोनदा वाचणारा माणूस, आणि एका अनोळखी माणसाच्या टेबलावर सात कोऱ्या सह्या करून आलो, कारण सासऱ्यांच्या ओळखीचा होता आणि चहा चांगला होता.

आणि शेडवाल्यांनो, 1 एप्रिल 2023 पासून नियम आहे. जुन्या गाड्यांचा धंदा करायचा तर आरटीओकडून अधिकारपत्र घ्या, गाडी ताब्यात आली की तसं ऑनलाइन कळवा, तिथून पुढची जबाबदारी तुमची. अधिकारपत्र आहे का, असं मी आता विचारलं तर हसलात. हसा. पण दुसऱ्याच्या नावावर गाडी उडवणं याला धंदा म्हणत नाहीत. माणसं चालतात त्या रस्त्यावर.

घेणाऱ्यांनाही सांगतो. ट्रान्सफरचे चार पैसे वाचवायला तुम्ही दोन-दोन वर्षं दुसऱ्याच्या नावाची गाडी चालवता, आणि अपघात झाला की विमा कंपनीपुढे हात जोडता. पॉलिसी तुमच्या नावावर करायलाही चौदाच दिवस असतात. लाखाची गाडी घेता, एक अर्ज करता येत नाही?

मी चलान भरणार नाही. उद्या विक्रीचा करार, बँकेतली नोंद आणि त्या शेडवाल्याशी झालेल्या गप्पांचे स्क्रीनशॉट घेऊन आधी आरटीओत आणि मग पोलिस चौकीत जाणार आहे. फॉर्म 29 ची सही असलेली झेरॉक्स मात्र नाही, कारण ती मी घेतलीच नव्हती. शोरूमने 25,000 कमी दिले असते, हो. पण त्यांनी घेणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव तरी घातलं असतं.

आणि तुम्ही हसू नका. सहा वर्षांपूर्वी विकलेल्या त्या स्कूटरचं काय केलंत? परिवहनच्या साइटवर जा, नंबर टाका. मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, मधल्या अक्षरांवर फुल्या असतात. मला माझं लगेच ओळखू आलं.