क्विझ नको, 'डिनर फॉर वन'च लावा

आज दुपारी आमच्या इथल्या, जर्मनीतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर थर्टी फर्स्टच्या कार्यक्रमाची यादी आली. आधी लहान मुलांचे नाच, मग कराओके, मग राक्लेट (वितळवलेलं चीज) आणि वडापाव. आणि मधेच एक ओळ : "यंदा 'डिनर फॉर वन' दाखवणार नाही, सगळ्यांनी पाहिलेलंच आहे. त्याऐवजी त्यावर मोबाईलवर दहा प्रश्नांची क्विझ, बक्षीस आहे!" खाली अंगठ्यांची रांग.

मी ऑफिसात होते, ग्रुपवर काही बोलले नाही. बोलले असते तर तोंडातून नको ते गेलं असतं. म्हणून इथे लिहितेय. लांब होणार आहे.

भारतातल्या मित्रमैत्रिणींसाठी आधी थोडं सांगते. जर्मनीत ३१ डिसेंबरला टीव्हीवर एक १८ मिनिटांचं इंग्रजी प्रहसन लागतं. कृष्णधवल, १९६३ सालचं. मिस सोफीचा नव्वदावा वाढदिवस आहे. टेबलावर चार पाहुण्यांची पानं मांडलीत : सर टोबी, ॲडमिरल फॉन श्नायडर, मिस्टर पॉमरॉय आणि मिस्टर विंटरबॉटम. चौघंही कधीच देवाघरी गेलेत. मग प्रत्येक पदार्थाबरोबर बटलर जेम्स चौघांचे ग्लास भरतो, चौघांच्या वतीने चौघांच्या आवाजात बाईंचं अभीष्टचिंतन करतो आणि चौघांच्या वाटची पितो. सूपबरोबर शेरी, माशाबरोबर व्हाइट वाइन, कोंबडीबरोबर शॅम्पेन, फळांबरोबर पोर्ट. प्रत्येक फेरीआधी तो विचारतो, "सेम प्रोसीजर ॲज लास्ट इयर, मिस सोफी?" आणि त्या म्हणतात, "द सेम प्रोसीजर ॲज एव्हरी इयर, जेम्स!" गोष्ट एवढीच. १९७२ पासून दर वर्षअखेरीला हे लागतं, एकाच दिवशी वेगवेगळ्या चॅनेलवर अनेकदा, आणि ज्या देशात टीव्हीवरचा परका माणूसही डबिंगमुळे जर्मनच बोलतो त्या देशात हे मात्र इंग्रजीतच लागतं.

आता सांगा, यावर क्विझ म्हणजे काय? जमिनीवर अंथरलेल्या वाघाच्या कातड्याच्या डोक्याला जेम्स किती वेळा अडखळतो? ११. बरोबर, घ्या चॉकलेट! अरे, पण ज्याने ते नीट पाहिलंय त्याला अकराचं काहीच वाटत नाही. त्याला आठवतं ते एकदा तो न अडखळता पलीकडे जातो ते. स्वतःच थबकतो, मागे वळून बघतो, आणि परत येताना पुन्हा त्याच डोक्यावर पाय. अडखळणं अंगवळणी पडलेल्या माणसाला न अडखळण्याचं आश्चर्य वाटतं. हे कुठल्या पर्यायात टाकणार आहात, अ की ब?

मलाही ही माहिती आवडते. खूप आवडते, मी पानंच्या पानं वाचलीयत. पण एकेका गोष्टीमागे केवढं काय आहे ते तरी बघा. हे लिहिलं लॉरी वायली या इंग्रज लेखकाने. जेम्सचं काम करणारा इंग्रज नट फ्रेडी फ्रिंटन हे इंग्लंडात ब्लॅकपूलच्या रंगमंचावर वर्षानुवर्षं करत होता, सुरुवातीला त्यासाठी लेखकाला रॉयल्टी भरत होता, आणि पुढे त्याने हक्कच विकत घेतले. १९६२ मध्ये पेटर फ्रांकेनफेल्ड हा जर्मन कलाकार आणि दिग्दर्शक हाइन्त्स डुंकहासे नवीन काही शोधत ब्लॅकपूलला गेले, तिथे त्यांनी हे पाहिलं आणि फ्रिंटनला हाम्बुर्गला बोलावलं. फ्रिंटन आला, पण जर्मनमध्ये काम करायला तयार नव्हता. युद्धाची अढी मनात होती. म्हणून ते इंग्रजीत राहिलं, आणि सुरुवातीला निवेदक हाइन्त्स पिपर येऊन जर्मनमध्ये गोष्ट समजावून सांगतो.

चित्रीकरण झालं ८ जुलै १९६३ ला, हाम्बुर्गच्या बेझेनबिंडरहोफ थिएटरात, खऱ्या प्रेक्षकांसमोर. त्यातल्या एका बाईंचं हसू तर इतकं अनावर आहे की ते आता त्या नाटकाचाच भाग झालंय. वीस वर्षांपूर्वी, जुलै १९४३ मध्ये, ब्रिटिश विमानांनी हेच हाम्बुर्ग जाळून बेचिराख केलं होतं. हजारो माणसं गेली होती. त्या शहरात एक इंग्रज माणूस येतो, ॲडमिरल फॉन श्नायडर म्हणून टाच आपटून "स्कोल!" (स्कँडिनेव्हियातलं 'चीअर्स') ओरडतो, आणि हाम्बुर्गची माणसं पोट धरून हसतात. क्विझमध्ये प्रश्न येणार, "चित्रीकरण कोणत्या शहरात झालं?" उत्तर देणार, एक मार्क घेणार, पुढचा प्रश्न. याचाच मला राग येतो.

माझं हे वेड कुठून आलं ते सांगते. पुण्यात जर्मन शिकत होते तेव्हा बाईंनी वर्गात एकदा दाखवलं होतं. हसले आणि विसरले. खरं पाहिलं ते इथे, माझ्या बाळंतपणासाठी आई आली होती त्या हिवाळ्यात. बाबा जाऊन वर्ष व्हायचं होतं. खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या जर्मन आजी होत्या, त्यांनी ३१ ला संध्याकाळी आम्हाला चहाला बोलावलं. नवऱ्याला कामावर जायचं होतं. मी, आई आणि दुपट्यात गुंडाळलेलं बाळ खाली गेलो. आजींनी मोठी नॉययार्सब्रेत्सेल (नववर्षाचा पिळाचा पाव) आणून ठेवली होती, आणि टीव्ही आधीच लावून ठेवला होता.

आईला ना इंग्रजी कळत होतं ना जर्मन. मी हळू आवाजात सांगायला लागले, तर आजींनी ओठांवर बोट ठेवलं. गप्प बसले. आजी प्रत्येक वाक्य जेम्सच्या आधी म्हणत होत्या, ओठांतल्या ओठांत, आरती म्हणावी तसं. पहिल्या फेरीत आई नुसती बघत होती. दुसऱ्या फेरीत तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, "अगं, ही सगळी गेलेली माणसं आहेत ना?" हो म्हटलं. "म्हणजे श्राद्धाचंच की. गेलेल्यांच्या नावानं पानं मांडलीत आणि हा बिचारा सगळ्यांच्या वाटचं घेतोय."

माझ्या अंगावर काटा आला. पितृपक्षात आजोबांच्या नावाने भटजींना जेवू घालताना आई किती आग्रह करायची, "त्यांना हे आवडायचं, अजून एक घ्या" म्हणून, ते सगळं डोळ्यांपुढे आलं. पुण्यात मी दारुड्याची गंमत पाहिली होती. आईने न कळणाऱ्या भाषेत नेमकं काय आहे ते पाहिलं.

आता म्हणाल, तू उगाच गंभीर करतेस, हे साधं प्रहसन आहे. आहेच. पण मग ॲडमिरलची जागा पुन्हा बघा. टाच आपटून "स्कोल" म्हणायचं जेम्सच्या जिवावर येतं. तो अजीजीने विचारतो, यंदाही म्हणायलाच हवं का? मिस सोफी म्हणतात, "जस्ट टू प्लीज मी, जेम्स." आणि तो म्हणतो, बरं, तुमच्यासाठी. आणि आपटतो टाच. सगळं त्या एका वाक्यात आहे. तो नोकर आहे म्हणून करत नाही, ती मालकीण आहे म्हणून हुकूम सोडत नाही. तिची माणसं गेलीत, आणि ती आहेत असं वर्षातून एक संध्याकाळ कुणीतरी तिच्यासाठी मानतंय, स्वतःचे हाल करून. यावर हसू येतं आणि गळाही दाटतो. मिस सोफी झालेल्या मे वॉर्डन तेव्हा ७२ वर्षांच्या होत्या, नव्वदीच्या बाईचं काम करत होत्या. त्यांचा चेहरा बघा त्या वेळी. तरतरीत, लाडीक, जराही दुःखी नाही. त्यांच्यासाठी पाहुणे खरोखर आलेले आहेत.

ग्रुपवर एकाने लिहिलं, "पिण्यावर हसणं मुलांसमोर बरं नाही." ठीक आहे, मुद्दा आहे. स्वीडनच्या टीव्हीनेही याच कारणावरून ते सुरुवातीला बरीच वर्षं बाजूला ठेवलं होतं, स्विस टीव्हीने ११ मिनिटांची वेगळी आवृत्ती करून घेतली. पण स्वीडनमध्येही ते शेवटी लागलंच, आणि आज तिथेही त्याशिवाय वर्ष सरत नाही. दुसऱ्याने लिहिलं, शेवटचा जिन्यावरचा विनोद चावट आहे. आहे, थोडा. मुलांना त्यात दोन म्हातारी माणसं झोपायला जाताना दिसतात, बाकीचं आपल्या डोक्यात असतं. वाघाचं कातडं, साहेबी थाट, मलिगाटॉनी सूप हे सगळं आपल्याच देशातून उचललेलं आहे हेही कबूल. (सूप मद्रासकडचं, असं आईला नंतर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आपलं सारच की! शेरी कशाला हवी त्याबरोबर?")

पण "सगळ्यांनी पाहिलेलंच आहे" हे कारण मला अजिबात मान्य नाही. गणपतीची आरती सगळ्यांनी म्हटलेलीच असते. यंदा म्हणायची नाही, त्याऐवजी आरतीवर प्रश्नमंजूषा घेऊ, असं कुणी भाद्रपदात सुचवून बघावं!

डेन्मार्कमध्ये १९८५ साली एक वर्ष हे लावलं नाही. लोकांनी इतक्या तक्रारी केल्या की पुढच्या वर्षी ते परत आलं. नॉर्वेत ते २३ डिसेंबरला लागतं, नाताळच्या आदल्या दिवसाच्याही आदल्या संध्याकाळी. १९९९ मध्ये रंगीत करून बघितलं, तरी लोकांना कृष्णधवलच प्रिय. आणि ज्या इंग्लंडमध्ये हे जन्मलं, जिथल्या माणसांनी ते केलं, तिथे टीव्हीवर पहिल्यांदा लागलं ३१ डिसेंबर २०१८ ला! फ्रिंटन १९६८ मध्येच गेला, एकोणसाठाव्या वर्षी. दर थर्टी फर्स्टला लावायची प्रथा पडायच्या आधी. एक अख्खा देश वर्षाचा शेवट आपल्यासोबत करतो हे त्याला कधी कळलंच नाही. हे वाचलं त्या दिवशी मला कितीतरी वेळ काही सुचलं नव्हतं.

आमच्या आजी आता इथे राहत नाहीत, मुलीकडे गेल्या दुसऱ्या शहरात. त्या संध्याकाळी शेवटच्या फेरीत जेम्स फुलदाणीतलं पाणी पितो आणि मांजरीवर चिडतो, तेव्हा आई आणि आजी एकाच क्षणी इतक्या जोरात हसल्या की बाळ दचकून रडायला लागलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. आजींनी मग कपाटातून चौथा कप काढला, आजोबांचा होता म्हणे, आणि त्यात आईला चहा दिला. का दिला ते त्यांनी सांगितलं नाही, आईने विचारलं नाही. आईने दोन्ही हातांनी घेतला.

तेव्हापासून आई मिरजेहून ३१ ला रात्री फोन करते आणि पहिलं वाक्य असतं, "लागलं का गं ते म्हातारीचं?" हॅपी न्यू इयर त्याच्यानंतर. मी मोबाईल टीव्हीसमोर धरते. तिला दिसतं काय नि ऐकू येतं काय देव जाणे, पण "स्कोल"ला ती हसते. जिला या नाटकातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही, क्विझमध्ये शून्य मिळेल, ती मला माहीत असलेल्या माणसांत सगळ्यात नीट हे नाटक जाणणारी आहे, असं मी कुणापुढेही म्हणेन.

हे लिहिता लिहिता राग जरा उतरला. यादी करणाऱ्या मुलांवर माझा राग नाही. नवीन आलीयत, उत्साही आहेत, हॉल मिळवणं, डिपॉझिट भरणं, शंभर लोकांचे वडे तळणं ही कामं तीच करतात आणि आम्ही जुनी मंडळी आयत्या ताटावर येऊन बसतो. त्यांना वेळ बसवायचा आहे, ते कळतं. पण अरे, १८ मिनिटं. कराओकेतली तीन गाणी कमी करा. आणि क्विझ घ्यायचीच असेल तर नंतर घ्या, पाहून झाल्यावर, वडा खाता खाता. तेव्हा कुणी विचारलं की जेम्स एकदा अडखळत नाही तो कुठल्या फेरीत, तर सगळे भांडतील, पुन्हा लावून बघतील.

आणि पाहताना मुलांच्या कानात भाषांतर करू नका. माझ्या लेकीने ते न समजता पाहिलं, मग अर्धं समजून पाहिलं, आता ती जेम्सच्या आधी वाक्यं म्हणते. दर वर्षी तिला त्यात नवीन काहीतरी दिसतं. गेल्या वर्षी तिने विचारलं की मिस सोफीला माहीत असतं का, की ते कुणी आलेले नाहीत. मी तिला उत्तर दिलं नाही. तिचं तिला सापडू दे.

ग्रुपवर मी फक्त एवढंच लिहिणार आहे की यादी बदला. नाही बदलली तर हॉलवर जायच्या आधी संध्याकाळी पाचला आमच्याकडे लावणार आहे. मेडियाटेकवर (चॅनेलच्या ऑनलाइन संग्रहात) असतंच, टीव्हीवर कधी लागेल याची वाट बघायला नको. दिवाणखान्यात पंधरा-सोळा माणसं दाटीवाटीने बसतात, त्यामुळे येणाऱ्यांनी खाली कॉमेंटमध्ये सांगा. आईवडील भारतातून आलेले असतील त्यांनी त्यांना जरूर आणा, पुढच्या खुर्च्या त्यांच्याच. चहा आणि ब्रेत्सेल माझ्याकडून, चकल्या कुणाकडे शिल्लक असतील तर घेऊन या.