नाव बदलले नाही, अर्थ नीट वाचला गेला नाही

एक मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्याचा आशय असा: ‘कडाक्याची थंडी पडते म्हणजे पृथ्वी तापत नाही, हे उघड होताच “ग्लोबल वॉर्मिंग” हे नाव टाकून “क्लायमेट चेंज” हे नाव आणले गेले. कार्बन डायऑक्साइड हवेत जेमतेम ०.०४ टक्के आहे, आणि तो तर आपण श्वासातूनही सोडतो. “नेट झिरो” ही शुद्ध शब्दांची कसरत आहे.’ यातला आकडा खरा आहे, श्वासाचीही गोष्ट खरी आहे. त्यांवरून काढलेले निष्कर्ष मात्र चुकीचे आहेत.

नाव बदलल्याचा आरोप तारखांपुढे टिकत नाही. अमेरिकी भूवैज्ञानिक वॉलेस ब्रोकर यांनी १९७५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलेल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘क्लायमॅटिक चेंज’ आणि ‘ग्लोबल वॉर्मिंग’ हे दोन्ही शब्दप्रयोग आहेत, आणि १९८८ साली स्थापन झालेल्या आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आंतरशासकीय समितीच्या) नावातले ‘सीसी’ म्हणजे ‘क्लायमेट चेंज’च. ताप आणि आजार यांत जो फरक, तोच या दोन संज्ञांत आहे: पहिली केवळ सरासरी तापमानाच्या वाढीविषयी बोलते, तर दुसरीत पाऊसमान, बर्फ, समुद्रपातळी असे सारेच येते. गंमत अशी, की ‘क्लायमेट चेंज’ हा शब्द कमी भीतिदायक वाटतो म्हणून तोच वापरावा, असा लेखी सल्ला २००२च्या सुमारास राजकीय सल्लागार फ्रँक लुंट्झ यांनी दिला होता, आणि तो उत्सर्जनावरील निर्बंधांना विरोध असलेल्या अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाला.

थंडीच्या मुद्द्यात थोडा दोष आपल्या भाषेच्या सवयीचाही आहे. भूगोलाच्या पुस्तकात ‘हवा’ म्हणजे आजची, या घटकेची स्थिती आणि ‘हवामान’ म्हणजे दीर्घकाळाची सरासरी, असा भेद आपण शिकतो; पण बातम्यांत उद्याच्या पावसाचा ‘हवामान अंदाज’च सांगितला जातो. त्यामुळे ‘हवामान बदल’ म्हटले, की ऐकणाऱ्याला सकाळचे ऊन आणि दुपारचे ढग आठवतात. जागतिक हवामान संघटना सरासरीसाठी साधारण ३० वर्षांचा काळ धरते. त्या हिशेबात एक गारठलेला आठवडा जवळजवळ दिसतही नाही.

आता ०.०४ टक्क्याचे. कोरड्या हवेचा ९९.९ टक्क्यांहून अधिक भाग नायट्रोजन, ऑक्सिजन आणि अरगॉन यांचा आहे, आणि पृथ्वीकडून बाहेर जाणारी उष्णता हे वायू जवळजवळ अडवतच नाहीत. कार्बन डायऑक्साइड मात्र ती अडवतो. नायट्रोजन, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यातला हा फरक भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ साली प्रयोगशाळेत मोजून दाखवला होता. तेव्हा जे वायू या कामाचेच नाहीत त्यांच्याशी प्रमाण ताडून काय साधणार? औद्योगिकीकरणापूर्वी दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग असलेला कार्बन डायऑक्साइड आज ४२०च्या पुढे गेला आहे, ही तुलना महत्त्वाची.

श्वासातला कार्बन अन्नातून येतो, आणि वनस्पतींनी तो अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. म्हणजे उचललेले परत ठेवले, इतकेच. कोळसा लक्षावधी वर्षे जमिनीखाली पडून असतो. हवेतल्या कार्बनमध्ये अत्यल्प असणारा त्याचा किरणोत्सारी प्रकार, कार्बन-१४, दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, म्हणून कोळशात तो उरलेलाच नसतो, आणि कोळशाचा धूर मिसळलेल्या हवेत त्याचे प्रमाण घटते. रसायनशास्त्रज्ञ हान्स सूस यांना १९५०च्या दशकात नेमकी हीच घट विसाव्या शतकात वाढलेल्या झाडांच्या लाकडात सापडली. श्वासातला कार्बन ताजा असल्याने त्याने अशी खूण उमटत नाही.

‘नेट झिरो’वरच्या आक्षेपात मात्र तथ्य आहे, पण अर्धेच. तापमानवाढ आजवर सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणात होते. नळ बारीक केला तरी हौद भरतच राहतो, म्हणून उत्सर्जन आधी जमेल तितके घटवून उरलेले तेवढेच शोषून घेणे, असा या संज्ञेचा काटेकोर अर्थ आहे. कसरत होते ती पहिली पायरी गाळून, स्वस्त क्रेडिट (म्हणजे दुसरीकडे, उदाहरणार्थ झाडांनी, कार्बन शोषल्याचे प्रमाणपत्र) विकत घेऊन मालावर ‘कार्बन न्यूट्रल’ असे छापण्यात. ज्या झाडांच्या भरवशावर ते क्रेडिट मिळते ती जळाली, की कार्बन पुन्हा हवेत. केवळ अशा भरपाईवर आधारलेल्या दाव्यांना युरोपीय संघाने २०२४च्या निर्देशाने मनाई केली. २०५०पर्यंत ‘नेट झिरो’ गाठण्याचे कायद्यातले उद्दिष्ट मात्र त्याने तसेच ठेवले आहे.